खटातली चीज आणि कोशातली नोंद

गेल्या श्रावणात मी मराठी विकिपीडियावरच्या माझ्या धूळपाटीत, म्हणजे कच्च्या मसुद्याच्या पानावर, खट रागातल्या एका बंदिशीवर (चिजेवर) सुमारे आठशे शब्दांचा लेख लिहून ठेवला होता. तो मुख्य नामविश्वात, म्हणजे वाचकांपुढच्या लेखांत, हलवण्यापूर्वी आमच्या गटातील दोघांनी नजरेखालून घालावा, शुद्धलेखनाच्या चार चुका काढाव्यात आणि मला मोकळे करावे, एवढीच माझी अपेक्षा होती. फोंड्यात तिस्काजवळच्या एका हॉटेलात आम्ही महिन्यातल्या एका रविवारी सकाळी भाजीपाव खात भेटतो आणि गोव्यातील देवळे, तळी, नाट्यकर्मी, गायक-वादक यांच्यावरच्या नोंदींची कामे वाटून घेतो. गटातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य निवृत्त संवादिनीवादक आहेत. त्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो. त्यांनी लेख मोबाइलवर शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून पुसला आणि विचारले, "लेख उत्तम उतरला आहे. पण या चिजेबद्दल तुमच्याखेरीज आणखी कोणी, कुठे लिहिले आहे का हो?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. लेखाखाली मी सात संदर्भ दिले होते, त्यांतले चार खट रागाबद्दलचे, दोन गोव्यातील कलावंत कुटुंबांबद्दलचे आणि एक कुर्डी गावाबद्दलचा होता. चिजेबद्दलचा एकही नव्हता, आणि लिहिताना ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

चीज माझ्यापर्यंत आली होती ती एका वहीतून. सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले तेव्हा तिथल्या कुटुंबांचे वाडे आणि वालकिणी या वसाहतींत पुनर्वसन झाले. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की गावाचे अवशेष उघडे पडतात आणि मे महिन्यात जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. अशाच एका मे महिन्यात तिथे ज्या कुटुंबाशी माझी ओळख झाली, त्यांच्या घरातील आजी गात असत. गाव सोडताना तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर आजीची वहीही एका ट्रंकेतून वाडे वसाहतीत आली. त्या वहीत सव्वीस चिजा आहेत. बहुतेक यमन, भूप, बागेश्री अशा नेहमीच्या रागांतल्या असून त्या छापील पुस्तकांत सहज सापडतात. एकच चीज वेगळी होती. तिच्यावर "राग खट, झपताल" असे लिहिले होते, आणि त्या चिजेचे शब्द मी तोवर कोणाच्याही तोंडून ऐकलेले नव्हते.

खट हा मुळात फारसा न गायला जाणारा सकाळचा राग आहे. नाव "षट्" या शब्दावरून आले आणि रागात सहा रागांचे मिश्रण आहे, असे परंपरा सांगते. ते सहा कोणते याबद्दल मात्र एकमत नाही. त्यात शुद्ध आणि कोमल स्वर शेजारी-शेजारी नांदतात, त्यामुळे स्वरलिपी चोख नसेल तर बंदिशीचा चेहराच हरवतो. वहीतली स्वरलिपी भातखंडे पद्धतीची आहे. मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (टाळी नसलेल्या जागेला) शून्य आणि कोमल स्वराखाली आडवी रेघ, अशा त्या पद्धतीच्या खुणा. अडचण अशी की वही आखीव आहे. अस्ताईच्या, म्हणजे चिजेच्या पहिल्या भागाच्या, दुसऱ्या ओळीत जिथे धैवत (ध) येतो, तिथे अक्षर नेमके छापील निळ्या रेघेवर टेकलेले आहे आणि पेन्सिल इतकी पुसट झाली आहे की त्या अक्षराखालची रेघ आजीने काढली की कारखान्याने, हे भिंग लावूनही ठरवता येत नाही. लेखात मी तो धैवत कोमल धरला होता. का, तर मला तसा गाऊन बरा वाटला म्हणून.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. अंतऱ्याच्या, म्हणजे चिजेच्या दुसऱ्या भागाच्या, शेवटच्या ओळीत रचनाकाराची मुद्रा, म्हणजे शब्दांत गुंफलेले टोपणनाव, असावे असे दिसते, पण पान तिथेच दुमडून झिजले आहे आणि "रंग" ही दोनच अक्षरे उरली आहेत. मोहम्मदशाह रंगीले याच्या दरबारातील न्यामत खान यांची "सदारंग" ही मुद्रा सर्वांना ठाऊक असते, तेव्हा मी मागचा-पुढचा विचार न करता "ही सदारंग यांची रचना आहे" असे लेखात लिहून टाकले. अदारंग, मनरंग, सबरंग हे सगळे "रंग"च आहेत, हे मास्तरांनी बोटावर मोजून दाखवले. शिवाय अख्खे "सदारंग" वाचता आले असते तरी त्यावरून कर्तृत्व सिद्ध झाले नसते, कारण मागाहूनच्या गवयांनी वजन यावे म्हणून आपल्या चिजांत सदारंगांचे नाव गुंफल्याची उदाहरणे जाणकार सांगत आले आहेत.

मी थोडा चिडलो, हे इथे नोंदवून ठेवतो. मराठी विश्वकोशासारख्या छापील कोशात खंडांची आणि पानांची मर्यादा असते, म्हणून तिथे काय घ्यावे आणि काय गाळावे याचा काथ्याकूट समजण्यासारखा आहे. इथे जागेला मर्यादाच नाही, मग एक पान वाढले तर बिघडते काय, असे मी म्हणालो. मास्तरांनी शांतपणे दिलेले उत्तर मला पुढचे तीन महिने पुरले. ते म्हणाले, "तुम्ही सदारंग लिहिलेत. उद्या कोणा विद्यार्थ्याने ते उचलले. ते चूक आहे असे तिसऱ्या कोणाला वाटले, तर त्याने ते कशाच्या आधारे दुरुस्त करायचे? वही तुमच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली तुमच्या खिशात."

विकिपीडियावर ज्याला उल्लेखनीयता म्हणतात तिचा गाभा मला तेव्हा नीट कळला. रचना सुंदर आहे का, जुनी आहे का, दुर्मीळ आहे का, हे त्या कसोटीत विचारलेच जात नाही. विचारले जाते ते इतकेच की विषयाशी हितसंबंध नसलेल्या, विश्वासार्ह, प्रकाशित अशा एकाहून अधिक स्रोतांनी त्याची दखल घेतली आहे का, आणि ती दखल एका ओळीच्या उल्लेखापलीकडे जाते का. दखल असेल तर लेख कोणीही लिहू शकतो, तपासू शकतो आणि खोडू शकतो. नसेल तर तो लेख एका माणसाचे संशोधन असतो आणि संशोधनाची जागा कोशात नसते.

माझ्यापुढे आणखी एक मोह होता आणि मी त्याला बळीही पडलो होतो. कुर्डी म्हटले की कोणाही मराठी रसिकाला गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर आठवतात. त्या १९०४ साली जन्मल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका म्हणून मान्यता पावल्या. अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग ही त्या घराण्याची ओळख आणि खट हा अनवट राग. वही कुर्डीची, राग त्या घराण्यात गायला जाणारा, तेव्हा "या बंदिशीचा संबंध मोगूबाईंच्या परंपरेशी असण्याची शक्यता आहे" हे वाक्य माझ्या बोटांतून आपसूक उतरले होते. वहीत मोगूबाईंचे नाव कुठेही नाही. आजींनी त्यांच्याकडे तालीम घेतल्याचे कुटुंबातील कोणीही म्हणत नाही. थोरांच्या गावात जन्मलेल्या वहीला थोरपण आपोआप मिळत नाही, आणि "शक्यता आहे" हे शब्द तर कोशात सर्वांत जपून वापरायचे, कारण वाचणारा ते गाळून पुढचे तेवढे लक्षात ठेवतो. ते वाक्य मी त्याच दिवशी काढले.

मग शोध सुरू झाला. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मी सहा शनिवार घालवले. या ग्रंथालयाची मुळे १८३२ सालापर्यंत जातात आणि गोव्याबद्दल काही शोधायचे तर पायरी तिथलीच चढावी लागते. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहाही भाग मी खट आणि त्याच्या आजूबाजूच्या रागांसाठी चाळले. गोमंतकीय कलावंतांची चरित्रे वाचली. जुन्या तबकड्यांच्या याद्या पाहिल्या. यांतल्या बऱ्याच दिवसांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. हाताला धूळ आणि वहीत शून्य.

पाचव्या शनिवारी एका जुन्या छापील चीजसंग्रहात मला तेच शब्द सापडले. अस्ताई जवळजवळ अक्षरशः तीच होती. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि मग वरची ओळ वाचली. राग आसावरी, ताल त्रिताल. अंतरा संपूर्ण वेगळा होता आणि त्यात मुद्रा नव्हतीच.

त्या रविवारचा भाजीपाव थंड झाला तरी चर्चा संपली नाही, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच आहे. दहा मात्रांच्या झपतालातली खटाची चीज आणि सोळा मात्रांच्या त्रितालातली आसावरीची चीज यांची अस्ताई एक असेल, तर त्या एक रचना की दोन? आमच्या गटात मडगावला व्हायोलिन शिकलेली एक तरुण वास्तुविशारद आहे. तिच्या दृष्टीने हा प्रश्नच विचित्र होता. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचना म्हणजे स्वरलेखन केलेला कागद. त्यावर रचनाकाराची सही असते, पहिल्या प्रयोगाची तारीख बहुधा ठाऊक असते आणि वर सूचीतला क्रमांक असतो. मोत्सार्टच्या रचनांची क्योखेलने केलेली सूची १८६२ साली प्रसिद्ध झाली आणि आजही त्या रचना त्याच्या नावाच्या आद्याक्षराने ओळखल्या जातात. "तिकडे निदान नोंद कशाची करायची हे तरी माहीत असते," ती म्हणाली. क्रमांक आहे म्हणून प्रत्येक रचनेवर स्वतंत्र लेख होतोच असे नाही, हेही तिनेच सांगितले. कितीतरी छोट्या रचना सूचीतल्या एका ओळीवर समाधान मानतात.

आपल्याकडे मास्तरांच्या मते चीज म्हणजे बी. शब्द, राग, ताल, मुखडा आणि समेवर येण्याची तऱ्हा मिळून ती होते, आणि गवई ती पेरतो तेव्हा दर वेळी झाड निराळे उगवते. शिवाय उस्तादांनी ठेवणीतल्या चिजा शिष्यांपासूनही राखल्या, चोरली जाऊ नये म्हणून मैफलीत अंतरा गाळला, शिकवताना एखादा शब्द बदलून दिला. अशा जगात छापील दखल शोधणे म्हणजे कुलूप लावलेल्या घरात दिवा का दिसत नाही असे विचारणे आहे. हे मास्तर बोलले तेव्हा मला वाटले की आता ते माझ्या बाजूला आले. पण पुढच्याच वाक्यात ते म्हणाले की ही तक्रार कोशाबद्दलची नाही, आपल्या पूर्वजांबद्दलची आहे, आणि ती कोशाच्या पानावर मांडून सुटणार नाही.

मग ज्यांच्यावर स्वतंत्र लेख उभा राहू शकतो अशा चिजा कोणत्या, हे आम्ही तपासून पाहिले. "बाबुल मोरा" ही भैरवीतली ठुमरी नवाब वाजिद अली शाह यांची मानली जाते. १९३८ च्या "स्ट्रीट सिंगर" चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी ती गायली आणि तिच्या इतिहासावर, शब्दांवर, निरनिराळ्या गायकांच्या मांडणीवर पुष्कळ लिहिले गेले. तिथे शंकेला जागा नाही. दुसरे उदाहरण आमच्या घरचेच, म्हणजे फोंडा तालुक्यातील केरीच्या सुरश्री केसरबाई केरकर यांची "जात कहाँ हो" ही भैरवी. १९७७ साली दोन्ही व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी पाठवण्यात आली तिच्यात हे ध्वनिमुद्रण आहे. व्हॉयेजर १ चे उड्डाण ५ सप्टेंबरला झाले आणि केसरबाई त्याच महिन्याच्या १६ तारखेला निवर्तल्या. या भैरवीवर लिहायला आधार भरपूर आहेत, पण नीट पाहिले तर ते त्या ध्वनिमुद्रणाबद्दल आहेत, बंदिशीबद्दल नव्हेत. उद्या कोणी लेख लिहिला तर त्याचे शीर्षक काय असावे, यावर आमचा अर्धा तास गेला आणि निर्णय झाला नाही. तो एक स्वतंत्र वाद आहे. इथे तो वाढवत नाही.

गायकांच्या तोंडची माहिती प्रमाण मानता येणार नाही का, हा मुद्दा मीच पुन्हा काढला. २०११ साली अचल प्रभाला यांच्या पुढाकाराने भारत आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा एक प्रयोग झाला होता. मल्याळम, हिंदी आणि सेपेदी या भाषांतील विकिपीडियांसाठी लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचा संदर्भ म्हणून वापर करून पाहण्यात आला. ज्या समाजांचे ज्ञान छापले गेले नाही त्यांनी काय करावे, हा त्यामागचा प्रश्न अगदी माझाच होता. पण पारंपरिक खेळ किंवा पदार्थ यांच्याबद्दल गावातली अनेक माणसे एकमेकांना न विचारता तेच सांगू शकतात. माझ्या चिजेबद्दल सांगणारे घर एकच होते आणि त्या घरातही गाणारे माणूस आता हयात नव्हते.

एक पळवाटही सुचली, ती लपवत नाही. मी स्वतः एखाद्या संगीतविषयक नियतकालिकात वहीवर लेख लिहावा आणि मग त्याच लेखाचा संदर्भ विकिपीडियावर द्यावा. व्हायोलिनवाल्या मुलीने हे ऐकून नुसते माझ्याकडे पाहिले. नियतकालिकात लिहायला हरकत कशाचीच नाही, उलट ते व्हायलाच हवे. फक्त मी लिहून मीच त्याचा दाखला देणे हे एकाच हाताने टाळी वाजवणे झाले असते. वहीवर दुसऱ्या कोणी काम केले, त्याला तिसऱ्याने उत्तर दिले, की चौथ्याला कोशात लिहिता येईल. त्याला दहा वर्षे लागतील किंवा ते कधीच होणार नाही.

शेवटी जे ठरले ते थोडक्यात असे. धूळपाटीतला लेख हलवायचा नाही. वहीतल्या चिजेचा उल्लेख खट रागाच्या लेखातही करायचा नाही, कारण जो आधार स्वतंत्र पानाला पुरत नाही तो दुसऱ्याच्या पानावरच्या एका वाक्यालाही पुरत नाही. उल्लेखनीयता कमी पडली तर विषय मोठ्या लेखात सामावता येतो, पण पडताळणीची अट तिथेही तशीच राहते. हे मला सर्वांत जड गेले. छापील संग्रहातल्या आसावरीच्या चिजेपुरते मात्र लिहिता येत होते, पण केवळ एका संग्रहात शब्द छापलेले आहेत एवढ्यावर कोणत्या लेखात काय लिहायचे, हे मला सुचले नाही आणि मी तेही सोडून दिले. आठशे शब्दांतून उरले ते कुर्डीच्या लेखातले पुनर्वसनाबद्दलचे एक संदर्भासहित वाक्य आणि खटाच्या लेखातली दोन, तीही रागाबद्दलची. जिथे जिथे मला सवयीने लिहावेसे वाटले तिथे [संदर्भ हवा] ही खूण आधी स्वतःच लावून पाहायची, अशी शिस्त मी त्यानंतर लावून घेतली आहे.

वहीचे काम वेगळे केले. घरच्यांच्या परवानगीने तिची सगळी पाने नीट प्रकाशात छायाचित्रित केली, प्रत्येक चिजेचा राग, ताल आणि पान यांची यादी केली आणि एक संच त्यांच्याकडे ठेवला. चित्रे सार्वजनिक भांडारात चढवण्याची घाई केली नाही. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) हक्क चालतो, आणि रचनाकार कोण हेच ठाऊक नसताना हक्क कोणाचा आणि तो कधी संपतो हे मी ठरवणे बरे नव्हे. घरातल्या सूनबाईंनी एकच अट घातली होती, "तुमी बरयात, पूण आजयेचें नांव चुकूंक फावना." म्हणजे लिहा, पण आजीचे नाव चुकता कामा नये. नाव कुठे छापायचेच नाही असे ठरल्यावर ती अट पाळणे सोपे झाले, पण मला त्याचा आनंद झाला नाही.

यादी द्यायला मी मास्तरांना घेऊन वाडे वसाहतीत गेलो तेव्हा तुळशीचे लग्न होऊन गेले होते. पडवीत चहा आला. कोशात आजीची चीज आली का, असे सूनबाईंनी विचारले. नाही आली आणि का नाही आली ते मी सांगितले. त्यांनी मान डोलावली, फारसे मनावर घेतल्यासारखे दिसले नाही. मास्तरांनी सहज विचारले की आजी ही चीज गाताना तुम्ही कधी ऐकली का. त्या लाजल्या, मला गाणे येत नाही म्हणाल्या, आणि मग सुपातले तांदूळ निवडता निवडता, खाली मान घालून त्यांनी अस्ताई म्हटली. दुसऱ्या ओळीतला धैवत स्वच्छ कोमल लागला. मी मास्तरांकडे पाहिले. त्यांनी हाताने, पुन्हा एकदा म्हणा, अशी खूण केली. सूनबाईंनी पुन्हा म्हटली आणि या वेळी त्याच जागी धैवत शुद्ध लागला, तितकाच स्वच्छ.

"आजी असेच गात?" मास्तरांनी विचारले.

"असेंच," त्या म्हणाल्या.

परतताना मी गाडीत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स बाहेर काढून मांडीवर घेतली. त्या धैवतापाशी मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले होते. ते खोडले आणि समासात तारीख घालून दोन्ही खुणा लिहून ठेवल्या.